घरातला हिशेब : बाळंतिणीचं पाणी आणि लाइटचं बिल



या वेळी पाककृतींची आणि डाग काढण्याची पत्रं बाजूला ठेवली आहेत. भोरहून एका बहिणीचं चार पानी पत्र आलंय, त्याला उत्तर दिल्याशिवाय दुसरं काही लिहवेना. पत्राबरोबर लाइटच्या बिलाची प्रतही आहे.

हकिगत अशी. बाईंची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सासर वेल्ह्याला, तोरण्याच्या पायथ्याशी. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण बाईंनी पत्रात वेल्हंच लिहिलंय, तेव्हा मीही तेच म्हणते.) आषाढात मुलगी झाली. घर एकत्र आहे. सासूबाई, हे दोघे, धाकटे दीर, जाऊ, मुलं. लाइटचं बिल दीर भरतात. नेहमी ९६-९७ युनिटं येतात, या महिन्यात २३१ आली. दीर जेवताना बोलून गेले, "बाळंतिणीला पाणी तापवतात की सगळ्या आळीला?" नेमके तेव्हाच जावई आले होते. लेक आतल्या खोलीत होती, तिनं ऐकलं. तेव्हापासून ती म्हणते, "मी बाळाला घेऊन वेल्ह्याला जाते. तिकडं अंगणात बंब आहे, कुणाचं बिल येत नाही." सव्वा महिना अजून भरायचा आहे आणि बाहेर पाऊस धो धो.

बाईंचा प्रश्न साधा आहे. "ताई, पाणी तापवायला खरंच इतकी वीज लागते का? रॉडवर १५०० वॅट लिहिलंय, गॅसच्या गिझरच्या खोक्यावर किलोकॅलरी लिहिलंय, एसीवाला बीटीयू म्हणतो. यातलं कशानं काय मोजायचं?"

तर आज तेच बघू. वही-पेन्सिल घेऊन बसा. आणाय-पैचे हिशेब केलेल्या आपल्या आज्यांना हे जमलं असतं, आपल्यालाही जमेल.

आधी किलोकॅलरी, कारण ती आपल्या स्वयंपाकघरातली आहे. एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते ती एक किलोकॅलरी. बस, एवढंच. बीटीयू हे इंग्रजांच्या काळचं माप : एक पौंड पाणी, त्यांच्या फॅरनहाइटच्या एका अंशानं. एका किलोकॅलरीत जवळपास चार बीटीयू बसतात. आणि वॅट म्हणजे वीज किती वेगानं खर्च होते ते. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की मीटरवर एक युनिट पडतं.

आता या दोन भाषांमधला दुवा. एका युनिटात ८६० किलोकॅलरी उष्णता असते. बीटीयूत सांगायचं तर ३४१२. हा आकडा गॅसच्या टेबलावर खडूनं लिहून ठेवा, वर्षभर उपयोगी पडेल.

हा दुवा कुणी शोधला त्याची गंमत सांगते. इंग्लंडात मँचेस्टरजवळ जेम्स जूल नावाचा गृहस्थ होता, घरचा धंदा दारू गाळण्याचा. १८४० नंतरच्या दशकात त्यानं पाण्याच्या भांड्यात पंख्याची रवी बसवली, तिला दोरी गुंडाळून वजनं टांगली आणि वजनं खाली येतील तशी रवी फिरू दिली. आपण ताक घुसळतो तस्संच. बराच वेळ घुसळल्यावर पाणी किंचित कोमट झालं, आणि किती कष्टाला किती ऊब मिळते हे त्यानं मांडून दाखवलं. आपल्याकडं घराघरांत पिढ्यान् पिढ्या ताक घुसळलं गेलं, पण थर्मामीटर घालून बघायला वेळ कुणाला होता!

वॅटवरून तासाच्या किलोकॅलरी काढायची सोपी युक्ती : आकड्याचा सातवा भाग वजा करा. १५०० वॅटचा रॉड? सातवा भाग साधारण २१४. राहिले १२८६. नेमका हिशेब १२९०, म्हणजे चार किलोकॅलरींचा फरक. तेवढा चालतो. बीटीयू हवे असतील तर वॅटला ३.४ नं गुणा.

आता बादली. वीस लिटरची बादली, पावसाळ्यातलं नळाचं पाणी २२ अंश धरू. बाळंतिणीला ४२ अंशांचं कडक पाणी लागतं. वाढ २० अंशांची. वीस लिटर गुणिले वीस अंश, ४०० किलोकॅलरी. भागिले ८६०. उत्तर अर्ध्या युनिटाला थोडं कमी. १५०० वॅटच्या रॉडला याला अठरा-एकोणीस मिनिटं लागायला हवीत. बादलीच्या कडेनं थोडी ऊब उडते, म्हणून वीस-बावीस लागतात. घड्याळ लावून बघा. चाळीस मिनिटं लागत असतील तर दाब कमी येतोय. रॉडवर क्षार चढले तर त्यांवर व्हिनेगर चालतं. दाबाला इलाज नाही, भोरकडच्या पावसात तो वर-खाली होणारच.

बाईंच्या घरचं मांडू. लेकीला दोन बादल्या, धुण्यासाठी कोमट एक बादली, तिन्हीचे १२०० धरू. बाळासाठी दहा लिटर, २२ चं ३८ अंशांवर, म्हणजे १६०. दिवसाचे १३६०. युनिटात दीडच्या जरा वर, १.६ धरा. महिन्याचे ४८.

बिलात वाढ मात्र १३५ युनिटांची आहे. मग उरलेली ८७ गेली कुठं?

पत्राच्या तिसऱ्या पानावर बाईंनी सहज एक ओळ लिहिलीय. "पावसानं दुपटी वाळत नाहीत, म्हणून भाऊजींनी पुण्याहून हीटर आणला, त्याच्यापुढं खुर्चीवर लंगोट टाकतो." सापडलं! दोन कांड्यांचा हजार वॅटचा हीटर, रोज अडीच तास. महिन्याला ७५ युनिटं. राहिलेली बारा रात्रीच्या दिव्यात आणि पाहुण्यांच्या वर्दळीत गेली म्हणायची.

म्हणजे ज्या बाळंतिणीच्या पाण्यावरून बोलणं झालं, त्या पाण्याचा वाटा वाढीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतका. आणि मोठा वाटा ज्या हीटरचा, तो दिरांनीच पुतणीच्या मायेनं स्वतः आणलेला. माझ्या मनात त्यांच्याविषयी मुळीच राग नाही. आकडा बघून माणूस बोलून जातो. आणि रुपयांत तर तो आकडा आणखीच मोठा दिसला असेल, कारण पहिली १०० युनिटं एका दरानं आणि १०१ ते ३०० पर्यंतची त्याहून चढ्या दरानं लागतात. नेहमी ९६ वर थांबणारं घर शंभरी ओलांडून गेलं की युनिटं सव्वादोन-अडीचपट झाली तरी पैसे त्याहून जास्त पटीनं वाढतात. हे बऱ्याच घरी कुणाला माहीत नसतं आणि उगीच मीटर जोरात पळतो म्हणून तक्रार होते.

आता त्या ओल्या दुपट्यांकडे वळते, कारण हा घोटाळा मावळ पट्ट्यातल्या प्रत्येक घरात आहे. पाणी तापवायला फार उष्णता लागत नाही. पाण्याची वाफ करायला मात्र भरमसाट लागते. एक लिटर पाणी कपड्यातून उडून जायला ५८० किलोकॅलरींच्या आसपास लागतात. हे पाऊण युनिटाला जरा कमीच झालं. हातानं पिळलेल्या दुपट्यांच्या ढिगात समजा दोन लिटर पाणी राहिलं, तर ते उडवायला किमान १.३५ युनिटं हवीत. हीटर जाळतो अडीच. बाकीची ऊब कौलांतून बाहेर, तोरण्यावरच्या ढगांना!

त्यापेक्षा पाणी पिळून काढा. कपडे धुण्याचं यंत्र असेल तर त्यात नुसती पिळणी लावा. तीनशे वॅटची मोटर पाच मिनिटं फिरली तर युनिटाचा चाळिसावा भाग जातो आणि त्यात लिटरभर पाणी सहज निथळतं. तेच लिटर हीटरनं उडवायला त्याच्या पंचवीस पटीहून जास्त वीज. यंत्र नसेल तर जाड कोरड्या पंचात दुपटी गुंडाळून दोघींनी दोन टोकांनी पीळ द्यावा. नंतर माजघरात दोरीवर सुटी-सुटी टाकून वर पंखा. पंखा शंभर वॅटच्या आतच असतो. रात्रभर आठ तास चालला तरी पाऊण युनिट. सकाळी उरलेला दमटपणा इस्त्रीनं. इस्त्रीनं जंतूंचीही धास्ती कमी होते, म्हणून लंगोट इस्त्री केल्याशिवाय बाळाला लावू नयेत असं मी तरी म्हणेन.

आणि हीटरपुढं खुर्चीवर कपडे? कृपा करून आजच बंद करा. एक लंगोट घसरून तापल्या कांडीवर पडला की झालं. हा हिशेब युनिटांत मांडता येत नाही.

पत्रात सासूबाईंचाही सल्ला आहे, "लाइट नको नि हीटर नको, खोलीत कोळशाची शेगडी ठेवा, आम्ही नाही का वाढवली पोरं?" त्यांचा हिशेब उष्णतेच्या बाजूनं अगदी खरा आहे. एक किलो लोणारी कोळशात सात हजारांच्या आसपास किलोकॅलरी, म्हणजे आठ युनिटांची ऊब. पण सासूबाईंच्या वेळच्या घरांना कौलांतून, खिडक्यांतून वारा खेळायचा. आता स्लॅब, सरकत्या काचा, वर दाराखाली गोणपाट. बंद खोलीत धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो. बाळ-बाळंतीण तर दार लावूनच निजतात. धुरी-शेक द्यायचा असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून, कुणीतरी जागं बसून, पाच-दहा मिनिटं. आणि झाला की शेगडी बाहेर. बाळाच्या तोंडावर धुरी तर मुळीच नको, डॉक्टरही नको म्हणतात. सासूबाईंना हे उलट उत्तर वाटू नये म्हणून हवं तर माझं नाव सांगा, मला चालेल.

गॅसच्या गिझरलाही हेच लागू. खोक्यावरच्या किलोकॅलरी बघून दुकानदार म्हणतो, विजेच्या गिझरपेक्षा पाचपट ताकद. खोटं नाही बोलत तो. तासाला ८६०० किलोकॅलरी लिहिलं असेल तर ती दहा हजार वॅटची ताकद झाली, आणि विजेचा साधा गिझर दोन हजार वॅटचा. म्हणून तर त्यातून भसाभस गरम पाणी येतं. पण एवढी ज्योत न्हाणीघरातली हवा भराभर खाते. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि आतून नळी आणायची. दार लावून आत ज्योत पेटवायची नाही. यात तडजोड नाही.

पैशात काय स्वस्त, हेही अनेकींनी विचारलंय. दर महिन्याला बदलतात, म्हणून मी दर सांगत नाही, रीत सांगते. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. किलोला सुमारे ११००० किलोकॅलरी. सगळे मिळून १ लाख ५६ हजार, म्हणजे १८० युनिटांची ऊब. पण शेगडीवर पातेल्याच्या कडेनं तिसरा हिस्सा तरी निसटतो. हाती लागतात १२० युनिटं. रॉडची ऊब मात्र जवळजवळ सगळी पाण्यातच उतरते. तेव्हा सिलिंडरच्या किमतीला १२० नं भागा. समजा किंमत ९०० रुपये असेल तर उत्तर साडेसात. तुमचं शेवटचं युनिट, म्हणजे शंभरीच्या वरचं, साडेसात रुपयांहून महाग पडत असेल तर पाणी गॅसवर तापवा. स्वस्त पडत असेल तर रॉडवर. बिलावरचे इतर आकार आणि वीज शुल्क धरायला विसरू नका, तिथंच आपली फसगत होते.

वीज महाग का पडते, याचं उत्तरही किलोकॅलरीतच आहे. चंद्रपूर, कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांत कोळसा जाळून वाफ करतात, वाफेवर चक्र फिरवतात. ८६० किलोकॅलरींचं एक युनिट तयार करायला अडीच हजारांच्या आसपास किलोकॅलरींचा कोळसा जाळावा लागतो. बाकीची उष्णता धुराड्यातून आणि थंड करायच्या पाण्यातून जाते. म्हणजे उष्णतेची वीज केली, ती तारांवरून भोरला आणली, आणि रॉडनं परत तिची उष्णता केली. उलटा-सुलटा प्रवास! त्याचं भाडं बिलात येणारच.

भोरकरणींना जवळचं उदाहरण म्हणजे भाटघर. वेळवंडीवरचं ते धरण १९२८ साली पुरं झालं. लॉइड धरण हे त्याचं जुनं नाव. पायथ्याशी १६ मेगावॅटचं वीजघर आहे. ते पूर्ण जोरात तासभर चाललं तर सोळा हजार युनिटं. प्रत्येकी ४०० किलोकॅलरींच्या हिशेबानं चौतीस हजार बादल्या कडक पाणी. ऐकायला खूप वाटतं. पण उलटं बघा. समजा पाणी पन्नास मीटर खाली पडलं, तर त्यातून मिळणाऱ्या विजेवर एक बादली तापवायला किती पाणी पडावं लागेल? साडेतीन हजार लिटरच्या आसपास, आणि यंत्रांची घट धरली तर चार हजार. एका बादलीसाठी धरणाचं चार हजार लिटर पाणी खाली यायला हवं! हा आकडा मी दोनदा मांडून बघितला, मलाच खरा वाटेना. पडत्या पाण्यातली ताकद दिसते मोठी, पण ऊब ही फार महागडी वस्तू आहे. सुदैवानं ते पाणी वाया जात नाही, पुढं शेतीला जातं.

एसीचं विचारणाऱ्या बहिणींसाठी दोनच वाक्यं. दीड टनाचा एसी तासाला १८००० बीटीयू उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे सव्वापाच हजार वॅटची. पण वीज ओढतो साधारण दीड हजार वॅटची, कारण तो उष्णता तयार करत नाही, नुसती उचलून बाहेर ठेवतो. तेव्हा बीटीयूवरून बिल काढू नका, त्याच्या पाटीवरचे वॅट वाचा.

आता पुन्हा त्या आतल्या खोलीत जाऊ. बाळाला ऊब कशानं द्यायची, हा खरा प्रश्न. खाण्याच्या पाकिटावर ज्या कॅलरी छापतात त्या याच किलोकॅलरी. डिंकाच्या एका लाडवात दोनशेच्या आसपास, म्हणजे दोन लाडवांत एक बादली पाणी तापेल! दिवसाला दोन हजार किलोकॅलरी खाणारी बाई शंभर वॅटच्या दिव्याइतकी ऊब रात्रंदिवस अंगातून देत असते. अंगावर पाजणारी तर जास्तच खाते. बाळाला उघड्या छातीशी धरून वरून दोघींवर मऊ पांघरूण घेतलं, बाळाच्या डोक्यावर टोपरं आणि पायांत मोजे घातले, की हीटर लागत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दवाखान्यांतही आईच्या छातीशी असंच ठेवतात, कांगारूची रीत म्हणतात तिला. ही ऊब कमी-जास्त होत नाही, लाइट गेले तरी जात नाही, आणि वेल्ह्याकडं पावसात लाइट किती जातात ते मार्गासनीच्या पुढं राहणाऱ्यांना विचारा.

बाई, लेकीला आत्ता पाठवू नका. अंगणातला बंब फुकट नाही. ओल्या लाकडातलं पाणी आधी वाफ होऊन जातं, मग उरलेल्या जाळावर पाणी तापतं. वर धूर, आणि पहाटे पावसात तो पेटवणार कोण? तिची सासूच ना. वरचा हिशेब एका कागदावर लिहा, पण जेवणाच्या पंगतीत दिरांपुढं टाकू नका. आधी जाऊबाईंबरोबर चहाला बसा आणि त्यांना दाखवा. दुपट्यांच्या पिळणीची सुरुवात त्यांच्या हातूनच होऊ द्या. पुढच्या बिलात सत्तर युनिटं कमी आली की भाऊजी आपणहून विचारतील. मग सांगा.

माझ्याच घरचं सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मी पितळी बादलीत रॉड टाकला, चालू असतानाच पाणी कितपत तापलं म्हणून बोट बुडवलं, आणि सासूबाईंच्या हाकेला ओ देण्याऐवजी जी किंचाळले ती शेजारच्या वाड्यात ऐकू गेली. तेव्हापासूनचा नियम : बटण बंद, मग पिन बाहेर, मग दोन मिनिटं थांबून रॉड बाहेर, आणि त्यानंतर बोट. रॉड असेपर्यंत धातूची बादली नको. प्लॅस्टिकची असेल तर तो कडेला टेकता कामा नये. पाणी रॉडवरच्या खुणेच्या वर हवं. घराला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून एकदा तपासून घ्या. जुन्या भिंतींतली वायर पावसात ओल धरते.

पुढच्या अंकात साचलेली लोणच्यांची पत्रं घेईन. भोरच्या बहिणीनं बाळाचं नाव काय ठेवलं ते मात्र कळवावं, आणि पुढच्या बिलाची प्रतही पाठवावी.